झालं की झोपेतलं

३ फेब्रुवारी, मंगळवार

वही नवी, झोप जुनीच! ही सहावी वही. आधीच्या पाच कपाटाच्या खालच्या खणात पडून आहेत.

आजची सकाळ —

सव्वापाच. मानेखाली आईंचा हात. जिभेवर गोळी, ओठाला पेला. "गीळ." गिळली असणार, कारण पेला रिकामा होता.

मग पायाशी एक माणूस येऊन बसला. जाड कोट. तोंड दिसत नाही. माझे डोळे टक्क उघडे, खोली दिसतेय, पंखा दिसतोय — पण बोट हलत नाही, जीभ हलत नाही. ओरडतेय आणि आवाज नाही. किती वेळ, देव जाणे. मग आईंनी डाव्या पायाचा अंगठा धरून ओढला. "मी आहे गं, मी आहे." आणि अंग परत माझं झालं.

सव्वासहा. उठले.

चहाच्या वेळी रोजच्यासारखं वाचून दाखवलं.

"गोळी?"
"झालं."
"कोटवाला?"
"झोपेतलं."
"तुम्ही गाणं म्हणत होता."
"झोपेतलं! मी आणि गाणं! शेजारी घर सोडून जातील."

ही झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी लावून दिलेली शिस्त. चार वर्षं झाली. आजाराचं नाव नार्कोलेप्सी. त्या म्हणाल्या होत्या, तुमच्या बाबतीत जाग आणि झोप यांच्यामधलं दार नीट लागत नाही, स्वप्नं जागेपणी आत शिरतात. गोळी तासभर आधी पोटात जायला हवी, तरच उठता येईल. आणि सकाळचं जे आठवेल ते लिहा. पानाच्या मधोमध रेघ — डावीकडे झालं, उजवीकडे झोपेतलं. ठरवायला घरातलं एक विश्वासाचं माणूस नेमा.

आम्ही आईंना नेमलं. म्हणजे माझ्या सासूबाईंना. ड्रायव्हर (माझा नवरा, शहर बसवर आहे) साडेचारला पहिली गाडी काढायला जातो, त्यामुळे दुसरं कुणी नव्हतंच. खालच्या मजल्यावरची एकदा म्हणाली, "काय बाई, सून लोळते आणि सासू उठून तिला पाणी पाजते!" आई म्हणाल्या, "तिला पाजते. तुझ्याकडे मागायला आले का?"

४ फेब्रुवारी, बुधवार

छतावर मुंग्यांची रांग — झोपेतलं. बाहेर दुधाची गाडी — झालं. आईंनी माझ्या अंगावर त्यांची शाल टाकली — "झोपेतलं." शाल मात्र माझ्याच अंगावर होती. म्हणाल्या, तूच ओढून घेतली असशील.

असेलही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कामावर थोडक्यात वाचले.

मेणाच्या हिरडीत दात बसवायचं माझं काम. दवाखान्यातून माप येतं, सकाळी आठला त्यात प्लास्टर ओततात, साचा तयार होतो, त्यावर मेणाची हिरडी आणि मग मी एकेक दात लावते. कवळी! दोन वर्षांत किती म्हाताऱ्यांना चावायला लावलं असेल मी.

शेजारच्या टेबलावर बडबडी. तिच्या तोंडाला कुलूप नाही. तिच्या आजोबांनी नवी कवळी लावली आणि पहिलीच शिंक दिली — कवळी थेट पाहुण्याच्या चहात! मी हसले. हसले की मेलेच. गुडघे गेले, मान छातीवर, हातातला चाकू खाली. शुद्ध असते, सगळं ऐकू येतं, फक्त अंगात जोर म्हणून राहत नाही. अर्धं मिनिट. हाही त्याच आजाराचा भाग. बडबडी पाणी घेऊन धावली. "बीपी लो झालं वाटतं परत."

मी मानेनेच हो म्हटलं.

दोन वर्षं इथे बीपीवर काढलीत. आधी चष्म्याच्या दुकानात होते, तिथे खरं सांगितलं होतं. मालक म्हणाला, "अरे वा, असा आजार मलाही द्या!" पंधरा दिवसांत माझ्या जागी दुसरी मुलगी. तेव्हापासून कानाला खडा. मास्तरांना (लॅब त्यांची, साठी उलटली तरी स्वतः दात बसवतात) एवढंच ठाऊक आहे की मी 'जरा अशक्त' आहे. त्यांचा एकच हट्ट — आठ म्हणजे आठ. प्लास्टर कुणासाठी थांबत नाही म्हणतात.

आठला पोचायचं म्हणून सव्वासहाला उठायचं, सव्वासहाला उठायचं म्हणून सव्वापाचला गोळी.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज विचित्रच. आई गोळी दिल्यावर गेल्याच नाहीत. पलंगाच्या कडेला बसून हळू आवाजात बोलत होत्या. "ताईच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय गं. एका डोळ्याने केव्हाच दगा दिला, आता हा. ऑपरेशन करायचं तर घरात माणूस नाही. महिनाभर थेंब घालायचे. दोनदा तारीख पुढे ढकलली." मग माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

चहाला वाचून दाखवलं. आई चहा गाळत होत्या. "झोपेतलं," म्हणाल्या. "ताई ठणठणीत आहे. काल तर बोलले तिच्याशी."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमच्या मावशी. दुसऱ्या गावी एकट्या राहतात.

उजवीकडे लिहिलं. काय बाई एकेक! आता झोपेत माणसांना आंधळं करायला लागले मी.

११ फेब्रुवारी, बुधवार

आठ वाजून पाच. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ड्रायव्हर दुपारी घरी. जेवताना म्हणाला, "आई, तू कधी कुठे जातच नाहीस. चार दिवस मावशीकडे तरी जाऊन ये."

"मला कुठे जायचंय? इथे बरी आहे."

"लग्नकार्याला पण जात नाहीस."

"गर्दी सोसत नाही मला."

मी म्हटलं, आई, खरंच जा ना. त्यांनी माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाल्या, "तू जेव."

१६ फेब्रुवारी, सोमवार

परत तसंच स्वप्न. पलंगाची कड, हळू आवाज. "चार मार्चची तारीख दिलीय. ही चुकली तर पुढचं अवघड, म्हणाले. जाऊ कशी? हिला सोडून जाऊ कशी मी?"

'हिला' म्हणजे मला. माझ्यासमोर माझ्याबद्दलच!

वाचून दाखवलं. "झोपेतलं." चहा मात्र निम्मा ओट्यावर सांडला. मी पुसायला उठले तर म्हणाल्या, राहू दे, तुला उशीर होईल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोटवाला नाही, मुंग्या नाहीत, काही नाही! सव्वासहाला डोळे उघडले आणि लगेच मी मीच होते. असं वर्षातून तीन-चारदा होतं. बाकीच्या लोकांचं रोज असंच असतं म्हणे. किती फुकट मिळतं लोकांना, आणि तरी तोंड वाकडं करून उठतात.

आईंना सांगितलं. "मग आज भांडी तू घास," म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

संध्याकाळी कामावरून आले. आई भाजी आणायला गेल्या होत्या, फोन टेबलावर विसरून. वाजला. मावशी. उचलला.

"कोण, सूनबाई का? बरं झालं तूच सापडलीस. तिने सांगितलं ना तुला?"

"काय, मावशी?"

"अगं माझ्या डोळ्याचं! चार मार्चची तारीख आहे. ही म्हणते, सुनेला सांगते आणि कळवते. पंधरा दिवस झाले, रोज सांगते म्हणते. मला आता ताटातलं दिसत नाही गं. परवा मीठ समजून सोडा घातला. शेजारीण म्हणाली, मी राहिले असते, पण तिला तान्हं मूल. माझी काही जबरदस्ती नाही हो. नाही जमत तर नाही सांगा, मी काहीतरी बघते."

मी काय बोलले आठवत नाही. जागी होते आणि आठवत नाही!

वही काढली. नऊ तारीख. सोळा तारीख. उजवीकडची बाजू. शब्द न् शब्द खरा.

आई आल्या. पिशवीही खाली ठेवू दिली नाही मी. "मावशींचा फोन होता."

त्या उभ्याच राहिल्या.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

"हो."

एवढंच. ना सबब, ना सारवासारव. मला वाटलं होतं भांडतील. माझा मग तोलच गेला. म्हटलं, आई, सकाळी उठल्यावर मला माझा हात खरा की खोटा ते कळत नाही. तुम्ही झालं म्हणता, मी झालं धरते. तुम्ही नाही म्हणता, मी सोडून देते. चार वर्षं! एकदाही पडताळून पाहिलं नाही. तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू मी?

रडताना पण गुडघे जातात माझे. जमिनीवर बसले. त्या पण शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन.

"जागेपणी सांगितलं असतं तर तू जा म्हणाली असतीस," म्हणाल्या. "मग मला जावं लागलं असतं. आणि तुला कोण उठवणार? पण पोटात पण राहत नव्हतं. म्हणून सकाळी बोलून टाकायची. तू झोपेत असायचीस ना. वाटायचं, पोचत नसेल."

"पोचायचं. मी वाचून दाखवत होते की तुम्हाला!"

"हो ना. तेव्हा काळजात धस्स व्हायचं."

ड्रायव्हर आला तेव्हा आम्ही दोघी तशाच जमिनीवर होतो. त्याने आधी दिवा लावला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सव्वापाचला गोळी दिली. बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी वही उघडलीच नाही मी. विचारायचं कुणाला?

पान कोरं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

राग माझ्यात टिकत नाही. दुपारी पाचही वह्या काढून आईंसमोर आपटल्या. म्हटलं, आता खरं सांगायचं. उजवीकडचं सगळं वाचणार.

पहिल्या वहीत बहुतेक कोटवालाच. तो झोपेतला तो झोपेतलाच, हे ऐकून बरं वाटलं.

दुसरी वही. "आई म्हणाल्या, निळा कप माझ्या हातून फुटला."

आई वह्यांची चळत सरळ करायला लागल्या.

"आई!"

"झालं होतं."

"पण तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की माझा हात सैल पडला आणि कप फुटला! ड्रायव्हरने महिनाभर मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला!"

"त्याला तो कप फार आवडायचा," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर तो ओरडला नसता."

मी हसायला लागले आणि आडवीच झाले गालिच्यावर. त्यांनी सवयीने डोक्याखाली हात घातला, तो तसाच ठेवून म्हणाल्या, पुढचं वाच.

पुढचं वाचलं. तिसऱ्या वहीतलं. "आईंची भीती — मी मेले तर हिला कोण उठवेल." झालं होतं. "आई गाणं म्हणत होत्या." झालं होतं! तीन तारखेचं पण झालं होतं. कोणतं गाणं विचारलं तर सांगेनात. शाल? झालं होतं.

एक ओळ तर पाचही वह्यांमध्ये आहे. इतक्या वेळा की मी नंतर फक्त 'नेहमीचं' लिहायला लागले होते. "कपाळावर हात. कुणीतरी 'माझी सोनुली' म्हणतंय." दर वेळी उजवीकडे. मला वाटायचं, माझी आई येते स्वप्नात. ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तिचा आवाज आता आठवत नाही, पण मी धरून चालले होते की तोच.

वाचलं. वर पाहिलं.

"दूध ठेवलंय गॅसवर," म्हणत आई उठल्या.

गॅसवर काही नव्हतं. मी जाऊन पाहिलं. त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या.

"लाज वाटायची गं," म्हणाल्या. "मला मुलगी नाही, सवय नाही. तोंडावर कसं म्हणायचं असलं काही."

मी त्यांना मागून धरलं. गुडघे गेलेच परत. दोघी पडता पडता वाचलो.

२२ फेब्रुवारी, रविवार

आईंना स्पष्ट सांगितलं — मावशींकडे जायचं. महिना लागो नाहीतर दोन.

"आणि तू?"

"मी माझी उठेन."

"उठून दाखव," म्हणाल्या. "दोन दिवस देते. जमलं तर जाते. नाही जमलं तर परत विषय काढायचा नाही."

ठरलं. तीन घड्याळं, एक फोन. आईंनी काहीही झालं तरी खोलीबाहेर यायचं नाही, सातनंतरच यायचं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज तीनदा उठले. एकदाही खरं नाही.

पहिल्यांदा उठले, घड्याळ बंद केलं, गोळी घेतली, दात घासले. पाणी गार लागलं दातांना! मग कळलं, अंथरुणातच आहे. दुसऱ्यांदा उठून जिन्यापर्यंत गेले. तिसऱ्यांदा तर लॅबमध्ये पोचून चार दात बसवले, बडबडीशी बोलले. तेव्हा आईंनी अंगठा ओढला. सात वीस. गोळी तशीच उशाशी.

लॅबला पोचले तेव्हा आठ पन्नास. मास्तर म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, म्हणून दोन वर्षं गप्प बसलो. परत असं झालं तर येऊ नकोस."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

घड्याळ पत्र्याच्या बादलीत ठेवलं. खालच्या मजल्यावरची वर आली, समोरचे उठले, कुत्री उठली. मी नाही!

शेवटी आईंनी सातची वाट न पाहता गोळी दिली. वेळेवर पोचले, धापा टाकत.

रात्री आई म्हणाल्या, "बघ, नाही जमत. मी ताईला नाही म्हणून कळवते." आवाजात राग नव्हता. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असा आवाज. मी तोंड फिरवून झोपले. म्हणजे झोप आलीच, माझ्या मर्जीचा प्रश्न नसतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी डबा खाताना बडबडी म्हणाली, "तुझं बीपी सकाळीच कसं लो होतं गं? दहानंतर तर तू आमच्यापेक्षा टुणटुणीत असतेस."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला.

खरंच की. दहाला यायचं असतं तर गोळी साडेसातला चालली असती. साडेसातला ड्रायव्हरची पहिली फेरी संपते, अर्धा तास सुट्टी असते, डेपो दहा मिनिटांवर. हे दोन वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. का? कारण आठ म्हणजे आठ. आणि आठ का? कारण मी मास्तरांना खरं सांगत नाही. मी खोटं बोलते, आणि पासष्टीची बाई त्यापायी रोज पाचला उठते, आणि तिच्या बहिणीचा डोळा जातोय. आणि मी परवा आईंना खोटं बोललात म्हणून केवढी बोलले!

उद्या सांगायचं. नोकरी गेली तर गेली.

जाऊ नये. मला आवडतं गं बाई ते काम.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

आठच्या ठोक्याला गेले. मास्तर प्लास्टर कालवत होते. म्हटलं, जरा बोलायचंय. ते म्हणाले, बोल, मला थांबता येत नाही. मग मी त्यांच्या पाठीशीच बोलले. नाव सांगितलं आजाराचं. गोळी सांगितली, आई, सव्वापाच. हसले की पडते ते. बीपी खोटं होतं ते. चष्म्याचं दुकान. सगळं बोलून टाकलं. बडबडी समोर बसून आ वासून ऐकत होती, पहिल्यांदा गप्प.

मास्तरांनी माप भरलं, टेबलावर आपटून बुडबुडे काढले, हात धुतले. मग म्हणाले, "चाकू हातात असताना पडलीस किती वेळा?"

"तीनदा."

"डोळ्यात गेला असता म्हणजे?"

मला वाटलं, संपलं.

"दोन वर्षं माझ्याच छताखाली," म्हणाले, "आणि मला माहीत नाही. मूर्ख मुली!" केवढ्याने ओरडले! मग म्हणाले, "प्लास्टर थांबत नाही. तुझं काम मेणाचं, मेण दुपारपर्यंत थांबतं. दहाला ये, सातला जा. आणि ही" — बडबडीकडे बोट — "तुझ्या हातात चाकू असताना तोंड उघडणार नाही."

बडबडी म्हणाली, "मग मी बोलू कधी?"

मी हसले. बसूनच होते, बरं झालं. कपाळ टेबलावर टेकलं. मास्तर पाहत उभे राहिले. पहिल्यांदाच नीट पाहत होते.

"वेळ किती लागतो?" ते बडबडीला विचारताना ऐकू आलं.

"अर्धं मिनिट."

"मग एवढं काय लपवायचं," म्हणाले आणि दुसरं माप घेतलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईंना आधी खरं वाटेना. "झोपेतलं नाही ना गं?" मीच म्हटलं, झालं. ड्रायव्हरने तिथल्या तिथे मावशींना फोन लावला. आई म्हणाल्या, "येते, ताई," आणि पदर नाकाला लावला. फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मावशी पण नाक ओढत होत्या. दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये मी!

१ मार्च, रविवार

गेल्या.

जाण्याआधी ड्रायव्हरला शिकवणी. गोळी जिभेच्या मध्यावर, कडेला नाही, नाहीतर थुंकते. पाणी कोमट. अंगठा डाव्या पायाचा. "उजव्याचा ओढलास तर लाथ बसेल. मला बसलीय."

"मला कधी सांगितलं नाहीत, आई!"

"तू झोपेत होतीस. तुला काय सांगायचं."

बसमध्ये चढता चढता माझ्या कपाळावर हात ठेवला. भर रस्त्यात, लोकांसमोर. ते शब्द मात्र म्हणाल्या नाहीत. ओठ हलले, तेवढ्यात कंडक्टरने घंटी दिली.

रडू आलं म्हणून मी खांबाला धरून उभी राहिले.

२ मार्च, सोमवार

साडेसातला ड्रायव्हर खाकी कपड्यात. गोळी, पाणी. "गीळ." अगदी आईसारखंच म्हणाला! घाईत उजवा अंगठा ओढला. लाथ बसली.

कोटवाला आला होता. पण साडेआठला उठले. दहाला दोन कमी असताना लॅबमध्ये. मास्तर म्हणाले, "लवकर आलीस."

४ मार्च, बुधवार

डोळा झाला! फोनवर आई कुजबुजत होत्या, मावशी झोपल्यात म्हणून. मला विचारलं, "उठतेस ना वेळेवर?" दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं. दोन्ही वेळा खरं.

५ मार्च, गुरुवार

पट्टी काढली. मावशींना पहिलं काय दिसलं, तर छताला लागलेलं जाळं. आईंना म्हणाल्या, चार दिवस आलीस आणि झाडलं नाहीस? म्हणजे दिसायला लागलं!

८ मार्च, रविवार

आत्ता पावणेनऊला मावशींचा फोन. घाबरलेल्या. "अगं सूनबाई, हिला झालंय काय? रोज उशिरा उठते, पण आज रेडिओवरच्या बातम्या संपल्या, माझे आठचे थेंब राहिले, मी हाका मारल्या, गदागदा हलवलं, तरी उठत नाही! घोरतेय नुसती. तुझ्यासारखंच काही झालं नाही ना?" म्हटलं, नाही मावशी. माझ्यामुळे राहिलेली झोप आहे ती, चार वर्षांची. थेंब आज शेजारणीकडून घालून घ्या. त्यांच्या अंगावर पांघरूण घाला, आणि खोलीचं दार हळूच लोटून घ्या.